कट्टीत बोलायचं नसतं

अंधेरीच्या आमच्या शाळेत पाचवीचा वर्ग पद्मजा नाबर बाईंकडे आणि चित्रकला माझ्याकडे. दोन्ही वर्गांच्या मध्ये भिंत नाही, प्लायवूडची फळी आहे. त्यामुळे बाईंच्या वर्गात काय चाललंय ते मला ऐकू येतंच. उगाच कान देण्याचा आरोप कोणी करू नये.

बाई बोरिवलीहून येतात, पर्समध्ये आल्याच्या वड्या ठेवतात आणि कोणावर म्हणून ओरडत नाहीत. या शेवटच्या गुणाचा मला फार राग येतो. सहा भावंडांत वाढल्या. घरात कोणी ना कोणी रुसलेलं असायचंच, आणि "पद्मे, तिला सांग, माझी फणी दे" असले निरोप पोचवायचं काम यांच्याकडे. "मी घरातली पोस्टमन होते हो, सर," असं त्या हसत सांगतात. भांडणं मिटवायची हौस तेव्हापासूनची.

यंदा आम्हाला टीम बिल्डिंगचं प्रशिक्षण झालं. मुलांनी एकमेकांशी जमवून घ्यावं म्हणून वर्गात खेळ घ्यायचे म्हणे. मी समोसा खाल्ला आणि सगळं विसरलो. बाई मात्र दुसऱ्याच दिवशी रद्दी आणि चिकटपट्टी घेऊन हजर. नव्याचे नऊ दिवस, मी मनात म्हटलं.

पण बाईंना घाई होती. त्यांच्या वर्गातल्या रोशनी आणि मधुवंती या जिवाभावाच्या मैत्रिणींची कट्टी झाली होती. रोशनी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, मधुवंती चार बंगला भागातल्या एका सोसायटीतली. नारळी पौर्णिमेला रोशनीने तिला घरी बोलावलं, आईच्या मागे लागून नारळीभात करवून घेतला, नटूनथटून दारात उभी राहिली, आणि मधुवंती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत करंगळ्या निघाल्या. मग बाईंना कळलं, मधुवंतीच्या वडिलांची नागपूरला बदली झालीय. शनिवार तिचा शाळेतला शेवटचा दिवस.

कट्टीचा कायदा मोठा कडक. जिने आधी कट्टी केली, तिनेच आधी बोलायचं. रोशनी म्हणे, ती आली नाही तेव्हाच तिने केली. मधुवंती म्हणे, करंगळी हिने आधी दाखवली.

"दोघींना समोरासमोर उभं करा आणि बट्टी करायला लावा," मी सल्ला दिला.

"मारून मुटकून केलेली बट्टी नागपूरपर्यंत टिकत नाही, सर. आणि कट्टी घेऊन गेली ना पोर, तर ती जन्माची कट्टी. मला ते नकोय."

बाईंनी पहिला खेळ घेतला, कागदाचा उंच मनोरा. दोघींना मुद्दाम एका गटात घातलं, सोबतीला ओजस. फळीपलीकडून मला ऐकू आलं.

"ओजस, तिला सांग, चिकटपट्टी दे."

"ओजस, तिला सांग, हात आहेत ना? घे म्हणावं."

"ए, मी काय नोकर आहे काय, यार!"

मनोरा आडवा झाला. मी मनापासून हसलो.

शुक्रवारी बाईंनी नवा खेळ काढला. दोन बाकांमध्ये कागदाचा पूल बांधायचा, त्यावर पाण्याची भरलेली बाटली उभी राहिली पाहिजे. अट एकच. बोलायचं नाही. जो बोलेल त्याचा गट आउट.

मी दारात जाऊन हळूच म्हटलं, "बाई, ज्या आधीच बोलत नाहीत, त्यांनाच गप्प बसवताय?"

"सर, कट्टीत बोलायचं नसतं. एकत्र काम करायला कुठे बंदी आहे?"

मी माझा वर्ग वाऱ्यावर सोडून तिथेच उभा राहिलो. रोशनीने हात पुढे केला, मधुवंतीने त्यावर चिकटपट्टी ठेवली. कोणालाच कमीपणा आला नाही. कागदाच्या सुरळ्या झाल्या, दोन वेण्या एकाच बाकावर वाकल्या, ओजस दातांनी चिकटपट्टी तोडून देत राहिला. पूल उभा राहिला. मधुवंतीने बाटली ठेवली आणि पलीकडचं टोक घसरलं.

"रोशे, धर!"

रोशनीने धरलं.

"तू बोललीस," रोशनी म्हणाली. "तू आधी बोललीस." मग तिला रडूच फुटलं. "का नाही आलीस गं? मी दारात उभी होते ना. भात थंड झाला."

"त्याच दिवशी बाबांचं बदलीचं कळलं. आई रडत होती. तिला सोडून कशी येणार? आणि नंतर तुला सांगणार कसं? कट्टी होती ना!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवण्यात अर्थ नाही. बाईंच्याही आलं असावं, पण नियम म्हणजे नियम.

"तुमचा गट आउट. आउट झालेल्यांनी मागच्या बाकावर बसायचं. तिथे बोलायला परवानगी आहे."

एवढ्या आनंदाने कोणाला आउट दिलेलं मी आजवर पाहिलं नाही. दोघी मागे जाऊन बसल्या आणि जे बोलत सुटल्या ते बोलतच राहिल्या. उद्या शाळा सुटली की थेट वेसाव्याला जायचं, आई पुन्हा नारळीभात करेल, हेही ठरून गेलं.

थोड्या वेळाने ओजस तोंड पाडून बाईंच्या टेबलापाशी आला.

"बाई, मला आता कोण काहीच सांगत नाहीये."

बाईंनी पर्समधून आल्याची वडी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"असंच असतं रे पोस्टमनचं. काम चोख झालं, की त्याला कोणी विचारत नाही." आणि खुर्चीवर जरा सरकून घेत म्हणाल्या, "ये, माझ्यापाशी बस."