वाळूचं घड्याळ आणि काकूंची सवत

ॲन आर्बरला बर्फ पडला की प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारा ट्रक, येतो आणि सगळा बर्फ बस स्टॉपच्या कडेला ढकलून जातो. उचलून कुणी नेत नाही. त्याच्यावर दुसरा थर, मग तिसरा. मार्चपर्यंत तिथे काळाकुट्ट डोंगर उभा राहतो. किस्स्यांचंही तसंच आहे. मी पीएचडी सोडली त्याला बरेच दिवस झाले, पण अभ्यंकर सरांच्या घरातले किस्से कडेला साचलेत ते वितळायला तयार नाहीत. म्हटलं, फावडं घेऊच.

आधी माणसं सांगतो. सर मूळचे पुण्याचे, जन्म सगळा इथल्या युनिव्हर्सिटीत गेला. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एका आडगावात एक पाद्री होऊन गेला. रविवारी चर्चमध्ये प्रवचन द्यायचा, बाकी दिवस लिहायचा. त्याचं एक जाडजूड पुस्तक आहे: मरणाऱ्या माणसाच्या उशाशी कसं बसावं, काय बोलावं, कधी गप्प राहावं. सरांनी आयुष्य ह्या माणसाच्या चरित्राला वाहिलं. आम्ही त्याला पाद्रीबुवा म्हणायचो.

दर शुक्रवारी दुपारी सरांच्या घरी, डायनिंग टेबलाभोवती सेमिनार. सेमिनार इंग्रजीत. तन्वी आणि मी मराठी, त्यामुळे आम्हाला बोलणी मात्र मातृभाषेत!

* * *

पाद्रीबुवा प्रवचनाला उभे राहिले की शेजारी वाळूचं घड्याळ ठेवायचे. वाळू संपली की प्रवचन संपलं. पण रंगात आले की बुवा घड्याळ उलटं करायचे आणि पुन्हा सुरू! समोर शेतकरी अवघडून बसलेले, बिचारे.

सरांनी तसलंच घड्याळ मिळवलं होतं. लाकडी चौकट, आत पिवळट वाळू. नियम असा: तुमची वाळू पडतेय तोवर कुणी मधे बोलायचं नाही, तुम्ही थांबायचं नाही. वाळू संपली की वाक्य अर्धं असलं तरी तोंड बंद. घड्याळ उलटं करायचा हक्क फक्त सरांना. आणि स्वतः बोलताना ते दर वेळी करायचे!

तन्वी एकदा म्हणत होती, "तेव्हा माझा मुख्य मुद्दा असा आहे की..." वाळू संपली. सरांनी बोट वर केलं. पुढच्या शुक्रवारी दुसऱ्याची पाळी.

मुख्य मुद्दा काय होता ते आजही कुणाला माहीत नाही. सेमिनार संपल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "जाऊ दे यार. मीच विसरले!"

* * *

सरांच्या बायकोला आम्ही शैलाकाकू म्हणायचो. त्या घरात मोकळेपणी हसणारं एकच माणूस. शुक्रवारी सगळ्यांना जेवायला वाढायच्या, गोऱ्या पोरांना थालीपीठ हातानं खायला लावायच्या.

एका मुलीनं त्यांना इंग्रजीत विचारलं, ‘तुम्हालाही पाद्रीबुवांमध्ये इंटरेस्ट आहे का?’

काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला सांग रे मिलिंद, तो माझी सवत आहे म्हणावं."

मी भाषांतर केलं. पोरगी गोंधळली. काकू म्हणाल्या, "लग्न करून आले तेव्हापासून घरात आहे. उन्हाळा आला की हे त्याला भेटायला इंग्लंडला जातात. आणि सवत तरी कशी? दाढीवाली!"

सर ताटातून मान वर न करता म्हणाले, "शैला, त्याला दाढी असल्याचा पुरावा नाही."

* * *

आता एक घराबाहेरचा. माझे आईबाबा दुसऱ्या राज्यात, कॅरी नावाच्या गावी असतात. मूळचे आम्ही नागपूरचे. बाबांच्या नोकरीमुळे मी शाळकरी असतानाच इकडे आलो. तिथल्या एका दिवाळीच्या कार्यक्रमात, कडक इस्त्रीच्या कुर्त्यातल्या एका काकांनी मला पकडलं.

"काय करतोस?"

"इंग्लिशमध्ये पीएचडी."

"कॉम्प्युटर सोडून? कशावर?"

"एका पाद्र्यावर."

काका मोठ्यानं हसले. चार डोकी वळली. "अरे, मग कन्व्हर्ट-बिन्व्हर्ट झालास की काय?"

मी म्हटलं, "आमच्या घरी ते आजोबांनीच उरकलं, काका. बाबासाहेबांबरोबर. नागपूरला."

काकांचं हसू जिथल्या तिथे गोठलं. ज्यांना आडनावावरून कळलं नव्हतं त्यांनाही कळलं. वळलेली डोकी पुन्हा आपापल्या ताटांकडे वळली. शेवटी काका म्हणाले, "शिरा घेतलास का?"

ह्यांची प्रगती ती एवढीच. पूर्वी पाणी देत नव्हते, आता शिरा विचारतात.

* * *

पाद्रीबुवांच्या शेवटच्या वर्षांतल्या प्रत्येक रविवारचं प्रवचन जपलेलं आहे. फक्त एका रविवारचं नाही. त्या रविवारी त्यांची बायको मरणाच्या दारात होती. सरांचा सिद्धान्त असा, की बुवांचं सर्वश्रेष्ठ प्रवचन ते तेच, आणि ते गहाळ झालंय. ते शोधण्यात सरांचे सगळे उन्हाळे गेले. पोरांच्या दोन पिढ्याही जुंपल्या गेल्या.

माझी वाळू पडत होती तेव्हा मी म्हटलं, "सर, गहाळ कशाला होईल? झालंच नसेल. त्या दिवशी तो चर्चला गेलाच नसेल."

सरांनी स्वतःचाच नियम मोडला. "पुरावा?"

"बायको मरत होती, सर."

"तो धर्मोपदेशक होता! तुझ्यासारखा मूड बघून काम करणारा नव्हता. लोक जमले असताना तो आला नाही, हे शक्यच नाही."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, माणूस होता ना? मग बसला असेल तिच्याजवळ!"

"शैला," सर म्हणाले, "हा मेथडॉलॉजीचा प्रश्न आहे."

* * *

आता मी का सोडलं ते. मी आळशी होतो, डोकं कमी पडलं, असं डिपार्टमेंटमध्ये सांगतात. सांगोत.

त्या शुक्रवारी माझं प्रेझेंटेशन होतं. फोन खिशात थरथरला. पुन्हा थरथरला. टेबलाखाली पाहिलं तर आईचा मेसेज: बाबांना छातीत दुखतंय, ॲम्ब्युलन्समधून नेतायत, फोन कर.

मी म्हटलं, "सर, बाबांना हॉस्पिटलमध्ये नेलंय. मला जावं लागेल."

सरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "वाळू पडतेय अजून. एवढं पुरं कर. तू इथून काय करणार आहेस?"

वाईट ह्याचं वाटलं, की टेबलाभोवतीचं एकही माणूस हललं नाही. तन्वीसुद्धा. सगळे वाळूकडे बघत होते.

मी उठलो. काकू दारापर्यंत धावत आल्या, माझा कोट माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाल्या, "जा. मागे बघू नकोस." मी मागे बघितलं नाही. सेमिनारकडेही नाही, डिग्रीकडेही नाही.

बाबा वाचले. डॉक्टरांमुळे. सरांनी नंतर विचारलंही नाही.

* * *

मी आता डाउनटाऊनमधल्या एका बेकरीत पीठ मळतो. काकू यायच्या, एक ब्रेड घ्यायच्या आणि बाबांची चौकशी करायच्या. मग यायच्या बंद झाल्या. तन्वी आली एकदा, म्हणाली, "काकूंना कॅन्सर आहे. उपचार थांबवलेत. लिव्हिंग रूममध्ये हॉस्पिटलचा पलंग आणून ठेवलाय."

"मग सेमिनार?"

ती खाली बघत म्हणाली, "चालू आहे."

त्या घरात डायनिंग आणि लिव्हिंगच्या मधे दार नाही, नुसती कमान आहे. म्हणजे इकडे टेबलाभोवती उशाशी कसं बसावं ह्यावर चर्चा, तिकडे काकू पडल्या पडल्या ऐकतायत! आणि सरांची खुर्ची कमानीकडे पाठ करून.

मी ब्रेड घेऊन भेटायला गेलो. मंगळवार होता. सर वरच्या खोलीत काम करत होते. काकू अर्ध्या झाल्या होत्या, पण जीभ शाबूत.

"काय रे, पीठवाल्या! आलास?"

मी चिडून म्हटलं, "काकू, त्यांना लाज कशी वाटत नाही? त्या पुस्तकाचं पान न् पान पाठ आहे त्यांना."

काकू हसल्या, मग खोकल्या. "पाठ आहे रे. प्रत्येक पानाला तळटीपा दिल्यात. नुसतं बसायचं तेवढं राहिलंय."

मग डोळे मिटून म्हणाल्या, "घाबरतात ते. तुला सांगू नये. पण घाबरतात."

मला दया आली नाही. भित्री माणसं दुसऱ्यांच्या मरणावर पुस्तकं लिहितात आणि आपण त्यांना सर म्हणतो. मी ठरवलं, शुक्रवारी जायचं. सगळ्यांसमोर, वाळू पडत असताना बोलायचं. बोट वर करू देत, नाहीतर दोन्ही हात.

* * *

शुक्रवारी गेलो. बाहेर बर्फ भुरभुरत होता. पोर्चवर सेमिनारची सगळी पोरं उभी, पाठीला बॅगा, कुणी आत जाईना. दार उघडंच होतं.

"काय झालं?" मी तन्वीला विचारलं.

"काही नाही. सर बोलवत नाहीयेत आत."

मी बूट काढले आणि शिरलो. ती माझ्या मागून आली. डायनिंग टेबल रिकामं. पुस्तकं मिटलेली. टेबलाच्या टोकाची सरांची खुर्ची जागेवर नव्हती.

खुर्ची कमानीपलीकडे होती, पलंगाला चिकटून. सर तिच्यावर बसले होते, घरातला जुना स्वेटर घालून, दाढी वाढलेली. काकूंचा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता, आणि तो कसा धरायचा ते नीट माहीत नसल्यासारखा धरला होता. मी पाठ करून आणलेलं पहिलं वाक्य तोंडात तयार होतं.

"सर..."

सरांनी बोट वर केलं नाही. वळून बघितलंही नाही.

काकूंनी डोळे किलकिले केले. आवाज इतका बारीक, की वाकावं लागलं.

"हळू बोल रे. आज कुठे बसलेत. उठवू नकोस."

वाळूचं घड्याळ काकूंच्या पांघरुणावर होतं, गुडघ्यापाशी. आडवं पडलेलं. थोडी वाळू ह्या पोटात, थोडी त्या पोटात. तन्वी सवयीनं पुढे झाली आणि ते उभं करायला तिनं हात घातला.

"राहू दे," सर म्हणाले. "आडवंच राहू दे."