एका पोरीची शाळा

आमचा रोहिदास माणूस चांगला हाय, पण त्याच्या हातात मोबाईल देऊ नये. मी नकुशी, त्याची थोरली बहीण. माझं सासर-माहेर दोन्ही न्हावऱ्यातच, म्हणून त्याचं सगळं मलाच निस्तरावं लागतं. यंदा त्याची लेक अक्षदा पहिलीत जायची. यानं कुठलासा व्हिडिओ बघितला आन् म्हणाला, "अक्का, शाळेत पोरं बिघडत्यात. मी घरीच शिकवणार."

मी म्हणलं, "आरं, तू दहावीला तीनदा बसलास."

"म्हंजी अनुभव हाय," तो म्हणाला. त्याची बायको सारिका कपाळाला हात लावून बसली.

झालं. गोठ्याशेजारी शाळा भरली. हेडमास्तर तोच, गुरुजी तोच, शिपाईबी तोच. दुधाची किटली बडवून घंटा द्यायचा. पण शाळेच्या वर लाईटीचं वेळापत्रक. मोटारीची थ्री फेज लाईट आली की गुरुजी उसाला पाणी द्यायला पळाले. एकदा बे सक बाराला लाईट आली, तर पोरगी आठवडाभर बे सक बारावरच बसली. गैरहजर गुरुजी, आन् हजेरीवर सहीबी त्यांचीच.

मला लई राग आला. माझी शाळा चौथीत सुटली, ती ह्याच रोहिदासला सांभाळायला. आता भाचीचीबी शाळा हाच बुडवणार म्हणल्यावर डोकं फिरणार न्हाई तर काय?

ऑगस्टात त्यानं परीक्षा घेतली. अक्षदा पहिली आली. गड्यानं आळीभर पेढे वाटले, आन् पोरगी कोपऱ्यात मुसमुसत बसलेली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"आत्या, शेवटचीबी मीच आले."

रोहिदास पेढ्याचा बॉक्स धरून तसाच उभा राहिला. मी तोंड उघडणार होते, पण त्याचं तोंड बघून नुसता बॉक्स हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोरीला गाडीवर बसवलं आन् झेडपीच्या शाळेत नाव घातलं. दिवसभर त्याचं कशात लक्ष न्हाई. लाईट आली तरी मोटार चालू करायची विसरला.

संध्याकाळी अक्षदा आली. रिबीन सुटलेली, गुडघा खरचटलेला.

"काय शिकवलं गं?" त्यानं विचारलं.

"पप्पा, आज माझं रुद्रसंगं भांडण झालं," ती खुशीत म्हणाली. "मग आम्ही शेजारी बसून खिचडी खाल्ली. उद्या परत भांडायचं ठरलंय."

रोहिदासनं तिचा गुडघा पुसला. सुटलेली रिबीन बांधली. मग म्हणाला, "अक्का, हे मला शिकवता आलं नसतं."