ओट्स उपासाला चालतात का

माझ्या बायकोला बर्फ बघायचा होता. फ्रीजमधला नव्हे, डोंगरावरचा. आमच्या रहाटणीच्या सोसायटीत सकाळी चालायला जाणाऱ्या बायकांचा एक गट आहे. त्या चालतात कमी आणि बोलतात जास्त, पण बोलता बोलता त्यांनी आठवडाभराची मनालीची सहल ठरवून टाकली. त्याच दिवशी बायको पिंपरीच्या बाजारातून लोकरीची टोपी घेऊन आली. जांभळी, वर गोंडा असलेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पंखा पाचवर होता, आणि ही टोपी घालून गवार मोडत बसली होती. मी बघतच राहिलो, तर म्हणाली, "सवय नको का व्हायला?"

अडचण एकच होती, ती म्हणजे आबा. आबा माझे वडील. आमचं गाव चाकणजवळचं, पण आई गेल्यापासून आबा आमच्याकडेच असतात. दुपारचा आणि रात्रीचा डबा कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून येईल, हे त्यांनी नाक मुरडून का होईना मान्य केलं. प्रश्न सकाळचा होता. सकाळी त्यांना एक गोळी असते आणि ती भरल्या पोटीच घ्यायची. माझी कंपनीची बस उजाडता उजाडता येते, तेव्हा त्या केंद्राचं शटर बंद असतं. दिघीच्या थोरल्या बहिणीला बोलवावं तर तिच्या नातवंडांच्या परीक्षा चालू होत्या. म्हणजे नाश्ता मीच करायचा. भाकरी मला थापता येत नाही. पोहे मी एकदा केले होते, त्यांचा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही.

डॉक्टर म्हणाले, "ओट्स करा. दुधात शिजवायचे, वर फळं घालायची. दात नसले तरी खाता येतात, पोटालाही चांगले. अगदी कोणालाही जमतं." 'कोणालाही' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते मला आवडलं नाही.

बायकोनं अट घातली. "माझ्यासमोर करून दाखवा, आणि आबांनी वाटी संपवली पाहिजे. संपवली तर मी जाते. नाही संपवली तर नाही जात, काही बिघडत नाही."

हे शेवटचं ती इतकं सहज म्हणाली की मला रागच आला. लग्न झाल्यापासून ज्या ज्या वेळी ती 'काही बिघडत नाही' म्हणाली आहे, त्या प्रत्येक वेळी काहीतरी बिघडलेलंच होतं. मी मनाशी ठरवलं, ही बाई बर्फ बघणार म्हणजे बघणार.

तशी मला भीती नव्हती. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथे गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात. शिफ्ट सुरू झाली की पहिला पीस काढतात, तो मी तपासतो, त्याला हिरवा टॅग लावतो आणि तो स्टँडवर ठेवतात. शिफ्ट संपेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. पुढचा सगळा माल त्या पहिल्या पीसशी ताडून बघायचा. माझ्या हाताखालून वाकडी बिजागरी गेटबाहेर गेलेली नाही. तिथे वाटीभर ओट्सची काय मिजास, असं मला वाटलं.

मिजास बरीच निघाली. पहिल्या दिवशी दूध उतू गेलं आणि ओट्स दुधाबरोबर शेगडीवर उतरले. दुसऱ्या दिवशी अशा गुठळ्या झाल्या की चमचा उभा राहिला. बायको ओट्याशी हाताची घडी घालून उभी होती. मदत करायची नाही असं तिनं स्वतःला बजावलं होतं, आणि त्या घडीतून तिची बोटं सारखी बाहेर येत होती. आबा पाणी प्यायला आत आले, पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, "गुरांना आंबोण कालवतोस व्हय रं?"

"आबा, हे आपल्यासाठी आहे."

"आपल्याकडं गुरं कुठंयत आता," असं म्हणून ते निघून गेले. त्यांचा समज तसाच राहिला.

शेवटची परीक्षा मी गुरुवारी ठेवली. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळं जग रविवारी लोळतं, तेव्हा आम्ही मशीनवर असतो. गुरुवारी मला घाई नव्हती, बस नव्हती, सुपरवायझर नव्हता. रविवारी बायकोची गाडी होती, त्यामुळे पुन्हा परीक्षा द्यायला वेळही नव्हता.

गुरुवारी सकाळी मी ओट्यावर स्वच्छ फडकं अंथरलं आणि केळं, सफरचंद, पेरू, चिकू अशी सगळी फळं मांडली. डाळिंब सोलून ठेवलं. स्टीलची पट्टी काढली, कारण केळ्याच्या चकत्या एका जाडीच्या झाल्या पाहिजेत. ज्या झाल्या नाहीत त्या रिजेक्ट. रिजेक्ट मालाचं काय करायचं याची घरी वेगळी व्यवस्था नसल्यामुळे तो मी खात गेलो. थोड्या वेळानं बायको म्हणाली, "अहो, वाटीत काही ठेवणार आहात का?"

पण वाटी झाली देखणी. मध्ये डाळिंबाचे दाणे, भोवती केळं, कडेनं सफरचंदाच्या फोडी, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. मी तिला हिरवा कागद चिकटवला आणि ती फ्रीजवर ठेवली. पहिला पीस. मग तिच्याबरहुकूम दुसरी केली, तिलाही कागद लावला आणि आबांच्या पुढ्यात आणून ठेवली.

आबांनी वाटी फिरवून बघितली. म्हणाले, "आज वार कुठला?"

"गुरुवार."

"मंग मला उपास न्हाई का?"

मी बायकोकडे बघितलं, बायकोनं माझ्याकडे. आबा दर गुरुवारी उपास करतात. गेली कित्येक वर्षं करतात. दर गुरुवारी घरात साबुदाण्याची खिचडी होते आणि मी ती चाटूनपुसून खातो, पण देवाशपथ सांगतो, मला ती सुट्टीची खिचडी वाटायची. सुट्टी आहे म्हणून बायको काहीतरी खास करते अशी माझी समजूत होती. बायकोच्या तर त्या आठवड्यात डोक्यात बर्फाशिवाय दुसरं काही नव्हतं. त्या दिवशी साबुदाणा भिजवायलाही ती विसरली होती.

"फळं चालत्यात," असं म्हणून आबांनी वरचं एकेक फळ उचलून खायला सुरुवात केली. डाळिंब गेलं, केळं गेलं, सफरचंद दातांमुळे थोडा वेळ रेंगाळून गेलं. खाली ओट्स उघडे पडले. ते काही फार चांगले दिसत नव्हते. आबांनी वाटी पुढे सरकवली.

बायकोनं डोक्यावरची टोपी काढली, गोंडा नीट केला आणि ती फ्रीजवर माझ्या पहिल्या पीसशेजारी ठेवली. "काही बिघडत नाही," म्हणाली, आणि कुकर लावायला वळली. मी स्टीलची पट्टी धुऊन ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

आबा त्या टोपीकडे बघत होते. मग त्यांनी वाटी परत पुढ्यात ओढली.

"ह्यात मीठ हाय?"

"नाही."

"साकर?"

"नाही. डॉक्टर नको म्हणालेत."

"तिखट, फोडणी, काय?"

"काहीच नाही, आबा."

त्यांनी वास घेतला. चमच्यानं थोडं उचलून उजेडात धरलं. मी इतकी वर्षं क्वालिटीत काढली, पण असा तपास मीही केलेला नाही.

"चव न्हाई, वास न्हाई," आबा म्हणाले. "मंग ह्याला अन्न कोन म्हनंल? आणि अन्नच न्हाई म्हटल्यावर उपासाला चालतंय."

आणि त्यांनी खायला सुरुवात केली. एरंडेल पिताना माणसाचं तोंड होतं तसं त्यांचं प्रत्येक घासाला होत होतं, पण त्यांनी वाटी संपवली. बोटानं पुसूनसुद्धा घेतली. बायकोनं कुकर तसाच सोडला आणि टोपी परत घातली. मी शेगडीवर हात भाजून घेतला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

फ्रीजवरचा पहिला पीस मात्र दुपारपर्यंत असा घट्ट झाला की वाटी उलटी केली तरी खाली पडेना. आबा म्हणाले, "ह्याच्या इटा पाड." आम्ही ती वाटी रात्रभर पाण्यात भिजत ठेवली.

शुक्रवारी सकाळी बस यायच्या आत मी मोठ्या उत्साहानं पुन्हा वाटी केली. आबांनी ती बघितलीसुद्धा नाही. "आज शुक्रवार. उपासाचं आज कशाला खाऊ? भाकरी हाय का?"

मी खूप समजावलं. थोडा आवाजही चढवला. आबा जागचे हलले नाहीत. त्यांच्या डोक्यात ओट्सचा कप्पा एकदा ठरला तो ठरला, साबुदाणा, भगर आणि ओट. बायकोनं त्यांना भाकरी करून दिली. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा तिची भरलेली बॅग परत पलंगावर होती, स्वेटर बाहेर काढून ठेवलेले होते, आणि ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, पुढच्या वर्षी बघू." मला फार वाईट वाटलं. बाहेरच्या खोलीत आबा टीव्हीवर बातम्या बघत होते. आवाज बारीक केलेला होता.

शनिवारी रात्री जेवून उठताना आबा म्हणाले, "उद्यापास्नं माझा उपास हाय."

"उद्या रविवार आहे, आबा," मी म्हणालो.

"मला ठावं हाय वार."

"कसला उपास?"

"हाय एक."

"किती दिवस?"

"व्हईल तवर." मग बायकोकडे वळून म्हणाले, "पोरी, ते सोटर आत टाक. चुरगळतंय."

ती गेली. आठवडाभर मी रोज पहाटे ओट्स केले. आबा रोज उपासाला बसल्यासारखे पाटावर बसत, वाटी संपवत, गोळी घेत. दुपारी केळी आणि शेंगदाण्याचं कूट. रात्री उपास सोडायचा म्हणून केंद्राचा डबा, तोही शिव्या घालत. माझा हात हळूहळू बसला. "आज गुठळी न्हाई," असं एकदा म्हणाले, तेवढंच काय ते सर्टिफिकेट. चकत्या मी पट्टीशिवाय कापू लागलो.

एका सकाळी, कंपनीला दांडी मारलेली असताना, व्हिडिओ कॉल आला. मागे सगळं पांढरं, मध्ये जांभळी टोपी आणि लाल झालेलं नाक. बायको हसत होती. तिच्या हातात बर्फ होता आणि तो ती आम्हाला दाखवत होती, जणू तिनंच तो पाडला होता.

"आबा, खाल्लं का?"

"खातो काय, उपास हाय माझा," आबा म्हणाले. "ते ओट घेतलं. तू फिर निवांत."

ती परत आली त्या दिवशी हातपाय धुऊन थेट स्वयंपाकघरात गेली. वांग्याचं भरीत केलं आणि बाजरीच्या भाकऱ्या टाकल्या. टोपी अजून डोक्यावर होती, गोंडा पार लोंबला होता. आबांनी भाकरी कुस्करली आणि खाली मान घालून खात राहिले. मी शेजारी बसलो होतो.

तव्याकडे बघतच तिनं विचारलं, "आबा, आज उपास नाही?"

"न्हाई. सुटला."

"कशाचा होता पण?"

आबांनी घास गिळला. "तुजा," म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

बायको वळली नाही. नुसती टोपीवरून हात फिरवत राहिली. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा ती मीच उलटली.