करडईच्या कडेची कोथिंबीर

सिरसाळ्याकडच्या आमच्या रानात आई करडईच्या कडेला कोथिंबिरीची एक ओळ राखायची. ती कुणाला उपटू द्यायची नाही, कारण तिला मसाल्याला घरचे धने लागायचे. वडील कुरकुरायचे, "कशाला जागा अडवतीस?" ओळ फुलली की पिवळ्या पट्ट्यांच्या बारीक माश्या तिथं हवेत जागच्या जागी थांबलेल्या दिसायच्या. मध देत नाहीत, चावत नाहीत, म्हणून त्यांना कुणी विचारत नसे.

थंडीत करडईवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडायचा, पण त्या कडेची झाडं स्वच्छ राहायची. वडील सकाळी दवात चुलीची राख उधळायला तिथूनच सुरुवात करायचे. त्यामुळं सगळं श्रेय राखेला, आणि ते गावभर सांगायचे. आता ते आठवलं की मला राग येतो.

बऱ्याच वर्षांनी यंदा मी करडई केली, तेव्हा तसल्याच माशीला मावा पडलेल्या पानावर अंडी घालताना पाहिलं, आणि पुढं त्यातून निघालेली अळी तो मावा खाताना पाहिली. घरी येऊन वडिलांना म्हटलं, "राखेनं काही होत नव्हतं. आईच्या कोथिंबिरीवर माश्या यायच्या, त्यांची पिल्लं मावा खायची."

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. वडील म्हणाले, "बरं हाय, ती ऐकायला न्हाई. लई बोलली असती मला."

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "पेरायला धने हायत का घरात?"