गोलकीपर बदलण्याचं निवेदन

राहात्यात तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. उताऱ्याच्या नकला, प्रतिज्ञापत्रं, रेशनकार्डाचे अर्ज असं दिवसभर चालू असतं. शेजारी चहाची टपरी आहे आणि तिचं बाकडं माझ्या भिंतीला टेकलेलं आहे. त्यामुळे बाकड्यावर जे काही बोलतात ते मला ऐकावंच लागतं, इच्छा असो नसो. पूर्वी मी पेरूचे भाव आणि निवडणुका ऐकायचे. मागच्या वर्षापासून हॉकी ऐकते.

झालं असं, की मागच्या वर्षी इथल्या शाळेचा मुलींचा हॉकी संघ जिल्ह्यात पहिला आला. चौकात फ्लेक्स लागले, मुलींची जीपमधून मिरवणूक निघाली. तोवर ज्यांनी हॉकीची स्टिक हातातसुद्धा घेतली नव्हती ती माणसं पेनल्टी कॉर्नरवर बोलायला लागली. मोबाईलवर पाठीराख्यांचा ग्रुप निघाला. सकाळी उठल्यावर देवाच्या फोटोच्या आधी त्यावर हॉकीचे सल्ले यायचे.

माझी मुलगी या संघाची गोलकीपर. तेव्हा आठवीत होती, आता नववीत.

यंदा मात्र संघ हरायला लागला. बाहेरगावच्या स्पर्धांत तीन सामने झाले आणि तिन्ही गेले. पहिला चार-शून्य, दुसरा पाच-एक, तिसरा तीन-शून्य. तिसऱ्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी बाकड्यावर बैठक बसली. पेरूची बाग असलेले एक भाऊ होते, त्यांची मुलगी संघात मागच्या फळीत, फुलबॅकला खेळते. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका होते. त्यांचं संघात कुणीच नाही, नुसती हौस. आणि तिसरे आमचे हे. ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान समोरच्या गल्लीत आहे. कॉइल वाळत ठेवली की हे चहाला येतात.

"संघात बदल केल्याबिगर काय खरं न्हाई," भाऊ म्हणत होते. "ह्या पोरींना आता पोझिशनी पाठ झाल्यात. कुनाला जागा जायची भीतीच न्हाई."

"बदल करायचा तर पुढं करा," काका म्हणाले. "तीन मॅचमदी एक गोल. पुढच्या दोघी बसवा, मी तर म्हनतो."

"पुढचं मागनं बघू. बारा गोल खाल्ले आपन, बारा!"

यावर एकदम शांतता झाली. मला भिंतीपलीकडून ती शांतता कळली. बारा गोल म्हटल्यावर पुढचा शब्द गोलकीपर, आणि गोलकीपरचा बाप समोर बसलेला. मी झेरॉक्सचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिले.

तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. "गप्प का झालात? गोलकीपर म्हणायचंय ना? मग म्हणा की. मी बाप आहे म्हणून कुणी अडू नका. गोलकीपर बदला. पहिलं मत माझं."

"ह्याला म्हनत्यात मानूस!" भाऊंनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. काका म्हणाले, असा निःपक्षपाती माणूस त्यांनी उभ्या नोकरीत बघितला नाही. ह्यांनी सगळ्यांना परत एकेक कटिंग सांगितला. माझ्या समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, एकच कागद किती वेळा काढणार?" मी नकळत झाकण लावून तेच पान चार वेळा काढलं होतं.

घरी आल्यावर मी विषय काढला. मुलगी क्लासला गेली होती, म्हणून मोकळेपणाने बोलता आलं.

"अहो, ती वाईट खेळते असं तुम्हाला खरंच वाटतं का?"

"मला काय कळतं त्यातलं?"

"मग मत कशाला दिलं?"

"द्यावं लागतं. चार माणसांत बसल्यावर मत द्यावं लागतं."

मी हातातली पोळी तव्यावर टाकायची विसरले. म्हटलं, "तीनपैकी एक तरी मॅच बघितली का तुम्ही?"

"मोटारींचा सीझन आहे. कधी जाणार?"

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. मागच्या वर्षी शाळेच्या बोअरची मोटार जळाली होती. ह्यांनी तिची कॉइल काही न घेता नव्याने भरून दिली. त्यावर ग्रुपमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, की मोटार दिली म्हणून पोरगी संघात. हे मला माहीतच नव्हतं. ते वाक्य ह्यांनी वर्षभर मनात ठेवलं होतं. कुणी तोंडावर बोललं असतं तर भांडून मोकळे झाले असते, पण मोबाईलवरच्या वाक्याशी भांडणार कसं? म्हणून आता हे सगळ्यांच्या आधी स्वतःच्या पोरीला काढा म्हणत होते.

मला कीवही आली आणि चीडही आली, पण चीड जास्त. म्हटलं, "तुमच्यावरचा डाग धुवायला पोरीला कशाला पिळता?" ते ताट सरकवून उठले. मी आणखी बोलणार होते, पण एक गोष्ट मलाही टोचत होती. या वर्षीचा एकही सामना मीसुद्धा बघितला नव्हता. दुकान बंद ठेवायचं जिवावर येतं.

दोन दिवसांनी भाऊ आणि काका दुकानात आले.

"वहिनी, एक निवेदन टाइप करायचंय. शाळेच्या मॅडमना द्यायचंय."

मी म्हटलं, सांगा. काका सांगू लागले. नोकरीत असताना त्यांना बरेच मेमो मिळाले असावेत, कारण भाषा सगळी तसलीच. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'सततच्या पराभवास गोलकीपरची निष्क्रियता कारणीभूत असून', 'सदर खेळाडूस तात्काळ बदलण्यात यावे'. माझी बोटं की-बोर्डवर चालत होती आणि कानशिलं तापत होती.

"भाऊ, ही सदर खेळाडू कुणाची मुलगी आहे, माहीत आहे ना?"

"मनाला लावून घिऊ नका वहिनी. खेळ येगळा, घर येगळं. आन सही बी पयली तुमच्याच मालकांची असनार हाय. म्हंजी उद्या कुनी बोट दाखवायला नको."

मी टाइप करून दिलं. नाही म्हणता आलं असतं, पण दुकान थाटून बसल्यावर गिऱ्हाइकाला परत कुठे पाठवणार? शिवाय मला वाटलं, जाऊ देच. मॅडमच काय ते ऐकवतील. माझी चूक एवढीच झाली, की फाईल कॉम्प्युटरवर तशीच राहिली.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुलगी दुकानात बसते तेव्हा मी भाजी आणायला जाते. त्या दिवशी परत आले तर ती स्क्रीनकडे बघत बसलेली.

"मम्मी, निष्क्रियता म्हणजे काय गं? काहीच न करणं, ना?"

मी पिशवी काउंटरवर ठेवली. म्हटलं, "ते लोक काहीही सांगतात गं. मी फक्त टाइप केलं."

"तू टाइप केलंस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. मग म्हणाली, "गोलकीपरचं असंच असतं. दहा जणींना चुकवून बॉल माझ्याकडे येतो, आणि मग म्हणतात गोलकीपरने सोडला." थोड्या वेळाने तिने विचारलं, "पप्पांची सही आहे का यावर?"

मी पिशवीतली भाजी निवडायला लागले. तिने फाईल बंद केली. रात्री जेवताना ती ह्यांच्याशी नेहमीसारखीच बोलली, मीठ मागितलं, मोबाईलचा चार्जर मागितला. त्या नेहमीसारख्या बोलण्यानेच मला जास्त त्रास झाला. ह्यांना मात्र काहीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिघे निवेदन घेऊन मैदानावर निघाले. मी शटर न उघडता त्यांच्या मागे गेले. "तू कशाला?" हे म्हणाले. म्हटलं, "टाइप मी केलंय. काही चुकलं असेल तर मलाच विचारतील."

शाळेच्या मागचं मैदान म्हणजे नुसता मुरूम. बॉल सरळ असा जातच नाही, खड्याला लागून उडतो. मुली दोन रांगा करून पळत होत्या. माझी एका टोकाला, पायाला तिच्याहून रुंद पॅड बांधून. आम्ही आलेलं तिने बघितलं आणि हेल्मेट घातलं. मला तिचा चेहरा दिसेनासा झाला.

खेळाच्या मॅडम तरुण आहेत, बोलायला शांत. त्यांनी निवेदन उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. सह्यांवर नजर टाकली आणि ह्यांच्याकडे बघितलं.

"तुमच्यापैकी कुणी कुठली मॅच बघितली?"

भाऊंनी काकांकडे बघितलं. शेवटी काका म्हणाले, "ग्रुपवर समदं येतंय की मॅडम."

"ग्रुपवर आकडा येतो, काका. दुसऱ्या मॅचला पाच गोल झाले. त्या मॅचला ही गोलमध्ये नव्हतीच. पाय मुरगळला होता म्हणून बाहेर बसलेली. दुसरी मुलगी उभी केली होती. तुम्ही मागताय तो बदल मी करून बघितलाय."

पाय मुरगळल्याचं मला माहीत होतं. रात्री मीच बाम लावला होता. पण त्यामुळे ती खेळली की नाही हे मी विचारलंच नव्हतं, आणि तिने सांगितलं नव्हतं. मॅडम बोलत होत्या आणि मी ह्यांच्या बरोबरीने खाली बघत होते.

"खरी अडचण मागच्या फळीची आहे," मॅडम म्हणाल्या. "फुलबॅक आठवड्यातून दोनदा सरावाला येते. बाकीच्यांना तिची जागा भरावी लागते, मग मधे भगदाड पडतं."

फुलबॅक म्हणजे भाऊंची मुलगी. भाऊ मान खाजवायला लागले. "दहावीचं वर्ष हाय मॅडम. क्लास सकाळचाच हाय, काय करनार?"

"क्लास असू दे. माझी तक्रार नाही. पण मग बारा गोलांचं कारण एकटीच्या नावावर लिहू नका."

ह्यांनी पुढे होऊन मॅडमच्या हातातून कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला. मला वाटलं, आता गोलपोस्टकडे जातील, पोरीला एक शब्द बोलतील. ते गेटकडे चालायला लागले. मी वाटेत म्हटलं, "अहो, तिला काहीतरी सांगा की."

"काय सांगायचं?"

"तिने निवेदन वाचलंय. सगळं."

ते रस्त्यात थांबले. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता तरी हलेनात. मग म्हणाले, "जिल्ह्याच्या मॅचला दुकान बंद ठेवू." एवढंच.

जिल्ह्याचा सामना नगरला होता. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टर मात्र दारात उभा राहून "नगर, नगर" असंच ओरडतो. त्याच बसने आम्ही सगळे गेलो. पुढे मुली आणि मॅडम, मागे आम्ही. काका आले, भाऊही आले. मधल्या काळात त्यांनी क्लासच्या सरांशी हुज्जत घालून मुलीची बॅच संध्याकाळची करून घेतली होती, आणि आता बसमध्ये ते असं सांगत होते जणू हा विचार पहिल्यापासून त्यांचाच.

सामना चांगला झाला. मी पहिल्यांदाच पूर्ण बघितला. माझी पोर इतकी ओरडते हे मला माहीत नव्हतं. मैदानभर तिचाच आवाज, "डावीकडे! डावीकडे!" फुलबॅक तिचं ऐकून सरकत होती. हे गोलच्या मागच्या जाळीला लागून उभे होते. पहिल्या अर्ध्यात तिने चार बॉल अडवले. एक-एक अशी बरोबरी होती. शेवटची पाच-सहा मिनिटं राहिली असतील तेव्हा समोरच्या मुलीने लांबून साधासा बॉल मारला. जोर नव्हता, वेग नव्हता. तो तिच्या दोन पॅडच्या मधून आत गेला. आम्ही दोन-एक हरलो.

मुलींनी स्टिका खाली टाकल्या. मग काकांना राहवेना. "तरी मी म्हनत हुतो, हितं जर दुसरी—"

"काका," हे जाळीपासून वळून म्हणाले, "तिचा पाय घसरला. मी इथंच उभा होतो. मी बघितलं."

भाऊ म्हणाले, "व्हय, घसरलाच असंल." मला ह्यांचं कौतुक वाटलं. कितीतरी दिवसांनी वाटलं.

परतीच्या बसमध्ये मुलगी आमच्या पुढच्या सीटवर येऊन बसली. केस घामाने चिकटलेले, गुडघा खरचटलेला. ह्यांनी तिला पाण्याची बाटली दिली. ती अर्धी बाटली प्यायली आणि मागे वळली.

"पप्पा, तुम्ही काकांना सांगितलं का, माझा पाय घसरला म्हणून?"

"हो. मी बघितलं ना."

"घसरला नव्हता. मी चुकले. बॉल सोपा होता, माझं लक्ष दुसऱ्या मुलीकडे होतं. उगाच खोटं कशाला सांगता? सगळ्या पोरी हसतील मला."

हे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मीच हे सगळं जुळवून आणलंय. मग तिला म्हणाले, "अगं, मग मी काय सांगायचं?"

"चुकली म्हणून सांगा. आणि पहिल्या अर्ध्यात चार अडवले तेपण सांगा. दोन्ही बघितलं ना तुम्ही?"

"बघितलं."

"मग दोन्ही सांगा." तिने बाटली परत दिली. "आणि ते निवेदन फेकलं का?"

ह्यांचा हात आपोआप खिशावर गेला. शर्ट दुसरा होता, पण चेहऱ्यावरून कळलं की कागद अजून घरात कुठेतरी आहे. "घरी गेल्यावर फाडतो," ते म्हणाले. तिने मान डोलावली आणि मैत्रिणींकडे जाऊन बसली. तिला राग आला होता की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ह्यांना तर नाहीच कळलं. ते बराच वेळ बाटलीचं झाकण लावत-काढत बसले.

राहुरी येईपर्यंत बस खड्ड्यांतून उडत होती. मागच्या सीटवर भाऊंना पुन्हा कंठ फुटला होता. पोरींचं काही चुकलं नाही, आता मॅडमच बदलायला पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. काका म्हणत होते, मॅडम राहू द्या, सेंटर हाफ बदला. दोघांनी ह्यांना हाक मारली, "तुमचं मत काय?"

हे वळले, तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटून घेतले. राहाता यायला अजून तास होता.