वळलेली अवतरणचिन्हं

प्रोग्रॅमिंग शिकवणारे आमचे मराठी धडे मी वेबसाइटवर चढवते. आज सकाळी बालवाडीत शिकवणाऱ्या सुनंदाताईंचा निरोप आला, "पहिल्याच धड्यातली ओळ तीनदा जशीच्या तशी कॉपी केली, तरी एरर येतोय. या वयात माझ्या डोक्यात शिरत नसेल."

मी धडा उघडला. त्यांच्या डोक्याचा काहीच दोष नव्हता. 'नमस्कार' या शब्दाभोवतीची अवतरणचिन्हं सरळ हवी होती, आणि पान सजवताना ती कोयरीसारखी वळली होती. गोष्टीच्या पुस्तकात ती शोभून दिसली असती, पण कॉम्प्युटरला ती ओळखूच येत नाहीत.

मला माझाच राग आला. किती जणांनी हे पान स्वतःला नावं ठेवत गुपचूप बंद केलं असेल! छापलेलं चुकत नाही, चुकतो ते आपणच, हे आपल्या अंगात शाळेपासून किती मुरलेलं असतं.

दोन्ही चिन्हं सरळ केली आणि ताईंना लिहिलं, "चूक माझी होती. आता करून बघा."

चहा निवायच्या आत उत्तर आलं, "आला! स्क्रीनवर नमस्कार आला! म्हणजे मी ढ नव्हते तर."