मागच्या सीटवरचे आबा

मोटारसायकल माझ्या नावावर आहे, पण मी तिच्यावर एकदाही बसलेली नाही. धाकट्या भावाला ती घ्यायची होती तेव्हा त्याच्याकडे पगाराची स्लिप नव्हती आणि मला पाटबंधारे खात्यात नुकतीच नोकरी लागली होती. कर्जाच्या कागदांवर माझ्या सह्या झाल्या, मोबाईल नंबरही माझाच गेला. "नावावर काय हाय, गाडी घरातच ऱ्हानार," असं आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले. पुढे माझं लग्न झालं, मी नगरला आले, कर्ज फिटलं. गाडी काष्टीजवळच्या आमच्या गावातच राहिली आणि नाव बदलायचं राहून गेलं. आमच्याकडे निम्म्या गाड्या अशाच दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर फिरत असतात.

त्यामुळे भाऊ कुठेही पोलिसांच्या तावडीत सापडला की मोबाईल माझा वाजतो. आपल्या वाहनाने नियम मोडला आहे. माझ्या म्हणे! मी रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबते आणि मागच्या रिक्षावाल्यांची बोलणी खाते.

पहिला मेसेज आला तेव्हा भावाला पुराव्यासकट झापायचं म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत चलानची वेबसाइट उघडली. गाडीचा नंबर टाकला, आरसी बुकावरून चॅसी नंबरचे शेवटचे आकडे टाकले. कारण लिहिलं होतं, मागे बसलेल्याला हेल्मेट नाही. सोबत फोटो होता. रेंज कमी, त्यामुळे तो वरून सावकाश उतरला. आधी दुकानाचा बोर्ड दिसला, मग पांढरी टोपी, मग तिच्याखाली आबा. एक हात भावाच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात मेथीची जुडी आणि तोंडभर हसू. मागे काष्टीचा बाजार भरलेला.

झापायचं मी विसरूनच गेले. दंडाचा राग गेला आणि दुसराच राग आला. आबा असे हसतात हे मला माहीतच नव्हतं.

माझ्या घरी येतात तेव्हा ते सोफ्याच्या कडेला बसतात. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यांच्या वडिलांनी पाळला म्हणून त्यांनी पाळला, आणि का पाळायचा हे दोघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. अर्धा कप चहा घेतात, जावयाची चौकशी करतात, पंख्याकडे बघतात आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठतात. स्कूटीवरून स्टँडला सोडते म्हटलं की उत्तर ठरलेलं. "नगं, रिक्षानं जातो. तुला कशाला तरास?" भावाला मात्र त्रास चालतो. त्याच्या मागे बसून हा माणूस अख्खा जिल्हा पालथा घालतो.

हे मला चलानांवरूनच कळत गेलं. पुढे पुढे मी मेसेजचीही वाट बघेनाशी झाले. ऑफिसात कामाचा कंटाळा आला की नंबर टाकायचा आणि बघायचं, आज कुठे. एकदा दोघं संगमनेरला गेले होते, गाय बघायला. गाय घेतली नाही, पण फोटोत दोघांच्या हातात उसाच्या रसाचे ग्लास होते. गाडी उभी, आबा मागे बसल्या बसल्याच रस पितायत. "लोक पोराबाळांचे फोटो बघतात, तू पावत्या बघतेस," असं नवरा म्हणाला. म्हणू दे.

मग आदल्या दिवशीचं नेवाशाचं चलान दिसलं. आबांच्या कपाळाला बुक्का, म्हणजे देवदर्शन करून निघालेले. मी फोटो मोठा करून बघत होते आणि एकदम डोक्यात आलं की काष्टीकडून नेवाशाला जायचं तर नगर ओलांडावं लागतं. जाताना एकदा, येताना एकदा. म्हणजे दोनदा माझ्या घरावरून गेले आणि दोन्ही वेळा थांबले नाहीत. इतकी जळले की हातातला डबा तसाच झाकून ठेवला आणि भावाला फोन लावला.

"ताई, मी म्हनलो हुतो थांबू," तो म्हणाला. "आबाच म्हनले, दुपारची येळ हाय, तिला कशाला सैपाकाला लावायचं."

"आणि तू ऐकलंस?"

"आबांचं कोन ऐकत न्हाई?"

मी फोन ठेवला. आबांचं मी तर सगळंच ऐकलं. शीक म्हणाले, शिकले. नोकरी कर म्हणाले, केली. सही कर म्हणाले, केली. भाऊ दहावीत दोनदा नापास झाला आणि मेथीची जुडी घेऊन आबांबरोबर हसत हिंडायला मिळालं ते त्याला. मला त्याचा हेवा वाटत होता, आणि तो कमी व्हावा अशी माझी फारशी इच्छाही नव्हती.

भाऊ दरवेळी "भरतो" म्हणायचा आणि चलानं साठत गेली. शेवटी लोकअदालतीची नोटीस आली, अर्थात माझ्या नावाने. मी सुट्टी टाकून नगरच्या कोर्टात गेले, तर तिथे भावाबरोबर आबाही हजर. इस्त्रीचा सदरा, चेहरा पार उतरलेला. लेकीला कोर्टात बोलावलं एवढंच त्यांना कळलं होतं. टेबलापाशी आमचा नंबर आला तसे ते मला मागे सारून पुढे झाले.

"सायेब, हिचा काय संबंध न्हाई. बिगरहेल्मेटचा मी बसलो हुतो. माझ्या नावावर करा समदं."

"बाबा, गाडी मॅडमच्या नावावर आहे," हवालदार म्हणाला आणि खात्री करायला त्याने एकेक फोटो उघडला. आबांनी ते पहिल्यांदाच बघितले. आधी दचकले, मग वाकून बघू लागले, आणि संगमनेरच्या फोटोला तर भावाला कोपराने ढोसलं. "ह्यो झ्याक आलाय रं!" रांगेतले लोक हसले. भाऊ हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तडजोड होऊन प्रकरण मिटलं. "मॅडम, गाडी भावाच्या नावावर करून टाका, म्हणजे तुमच्या डोक्याला ताप नाही," हवालदार म्हणाला. भाऊ तयारीनेच आला होता. त्याने पिशवीतून नावबदलीचे कागद काढले. "बरं व्हईल ताई, तुझी कटकट जाईल." आबांनीही मान डोलावली. मी कागद पर्समध्ये टाकले. वाचून सही करते म्हणाले.

मग धीर करून आबांना म्हटलं, "जेवायला घरी चला. स्कूटीवर." ते नाहीच म्हणणार अशी मला खात्री होती. पण कोर्टाची भीती अजून अंगात असावी, ते चक्क "चल" म्हणाले. भावाला आपल्या वकील मित्राला भेटायचं होतं, तो मागून येणार होता. आबा त्याच्या गाडीपाशी गेले, हँडलला अडकवलेलं, त्यांच्यासाठी घेतलेलं कोरं हेल्मेट काढलं, टोपी घडी करून खिशात ठेवली आणि हेल्मेट डोक्यात घालून हनुवटीखाली पट्टाही लावला. मग माझ्या मागे बसले, ताठ. माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची कडी धरली.

चौकात एक हवालदार मोबाईल घेऊन उभा होता. त्याने आमच्याकडे मोबाईल रोखला आणि मी वेग कमी केला. काढ बाबा एकदाचा आमचाही फोटो, असं मनात म्हटलं. त्याने दोघांच्या डोक्यावर हेल्मेट बघितलं आणि मोबाईल खाली घेतला.

"त्याच्या मागे बसता तेव्हा का नाही हो घालत?" मी न राहवून विचारलं.

"तुझ्या गाडीला पावती नगं," मागून आवाज आला.

घरी ते नीट जेवले. दुसरी भाकरी मागून घेतली, पंख्याकडे बघितलं आणि भाऊ येताच उठले. ते गेल्यावर मी उगाचच स्कूटीचा नंबर टाकून बघितला. एकही चलान नाही.

तेवढ्यात मेसेज आला. दौंड रस्त्यावरचा नाका, मागे बसलेल्याला हेल्मेट नाही. फोटोत ते कोरं हेल्मेट आबांच्या मांडीवर होतं, डोक्यावर टोपी होती, हात भावाच्या खांद्यावर आणि तोंडभर हसू. मी तो फोटो आधीच्या फोटोंसारखाच मोबाईलमध्ये उतरवून घेतला.

कागद अजून पर्समध्येच आहेत. सही झाली का, असं भाऊ अधूनमधून विचारतो. मी सांगते, अजून वाचतेय.